भोंगा वाजल्यानंतर

रात्री साडेदहाचा सुमार. जेवणे आटोपली आहेत, ओटा पुसून झाला आहे, मुलाचे दप्तर भरून ठेवले आहे. तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरतो. पडद्यावर साहेबांचे नाव आणि खाली एक ओळ : 'उद्याच्या मीटिंगसाठी मागच्या तिमाहीचे आकडे लागतील.' आत्ता लागतील की उद्या सकाळी, ते लिहिलेले नाही. उघडून वाचले तर निळी खूण उमटते. नाही उघडले तरी पहिली ओळ वाचून झालेलीच असते. 'हो सर, पाठवतो' असे लिहावे, की झोप लागली होती असे सकाळी सांगावे? बायको विचारते, 'कुणाचा?' आपण म्हणतो, 'काही नाही, ऑफिसचा.' आणि लॅपटॉपची बॅग उघडतो.

हा लेख त्या दोन-तीन मिनिटांच्या घालमेलीविषयी आहे. ती आली कुठून, कायदा तिच्याबद्दल काय म्हणतो, इतर देशांनी काय करून पाहिले, आणि आपल्यासारख्यांच्या हाती काय उरते, हे मला समजले तेवढे मांडायचे आहे. मी कामगार कायद्याचा पदवीधर नाही. बी.कॉम. होऊन नाशिकजवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका खासगी कंपनीच्या हिशेब खात्यात तेवीस वर्षे काढली. २०१९ मध्ये नोकरी सोडली आणि जुने अहवाल, कायद्यांच्या प्रती, न्यायालयांचे निकाल वाचण्याचा जो नाद आधी रविवारपुरता होता तो रोजचा झाला. या विषयाशी माझे स्वतःचे एक जुने देणे आहे. ते पुढे येईल.

वेळेबाहेर बोलावणे येणे ही गोष्ट मी लहानपणापासून पाहिली आहे. माझे वडील वीज मंडळात वायरमन होते. पावसाळ्यात रात्री दोन वाजता कुणीतरी सायकलवरून भिजत येई आणि दारातून हाक मारी, 'अण्णा, वस्तीवरची लाइन गेली.' वडील उठत, पक्कड आणि रबरी हातमोजे घेत, आई दिवा दाखवी. पण त्या रात्री पाळी कुणाची, हे आधी ठरलेले असे. ऑफिसात तक्रारींची एक वही होती, तीत कुणी कळवले, किती वाजता कळवले, वायरमन कधी निघाला आणि लाइन कधी सुरू झाली, हे सगळे लिहिले जाई. रात्र जागून काढली तर सकाळी उशिरा जायला हरकत नसे. आणखी एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. 'उद्याचा तक्ता जरा पाहून ठेवा' एवढे सांगायला वडिलांच्या साहेबांनी रात्री कधी माणूस पाठवला नाही. माणूस पाठवायचा म्हणजे सायकल, बॅटरी, चिखल आणि पाठवलेल्या माणसाची नाराजी. निरोप धाडणे महाग होते, त्यामुळे दारात आलेला निरोप महत्त्वाचाच असणार याची खात्री होती. आज तोच निरोप धाडायला अंगठ्याच्या दोन हालचाली लागतात. घेणाऱ्याचे मन मात्र अजून जुन्याच हिशेबाने चालते : रात्री आला म्हणजे गंभीर असणार.

थोडे मागे गेले पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांत सुरुवातीच्या काळात कामाची वेळ सूर्यावर ठरे. उजाडले की साचे सुरू, अंधारले की बंद. उन्हाळ्यात दिवस लांब म्हणून काम जास्त, हिवाळ्यात कमी. १८८१ चा पहिला कारखाना कायदा मुलांपुरता होता, मोठ्या माणसांच्या तासांबद्दल त्यात काहीच नव्हते. १८८४ मध्ये सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' उभी केली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारने नेमलेल्या आयोगापुढे ठेवले. त्यातल्या मागण्या पाहा : रविवारची सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा, अपघातात जायबंदी झालेल्याला भरपाई. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले, त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुटी मान्य केली आणि पुढच्या वर्षीच्या कायद्यात ती आली. रविवारी सकाळी आपण अंथरुणात लोळतो, त्यामागे ही सहा वर्षांची खटपट आहे. मला त्यातली सूर्यास्ताची मागणी सर्वांत महत्त्वाची वाटते. कामाला शेवट असावा आणि तो मालकाच्या इच्छेवर नव्हे, बाहेरच्या कशावर तरी ठरावा, असे ती सांगते.

हा बाहेरचा शेवट फार टिकला नाही, कारण गिरण्यांत विजेचे दिवे आले. सूर्य मावळला तरी साचा थांबण्याचे कारण उरले नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कापडाला तेजी आली तेव्हा मुंबईच्या काही गिरण्यांत दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. १९०५ मध्ये त्याविरुद्ध कामगारांचा उद्रेक झाला, चौकशी समित्या बसल्या, आणि १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतल्या प्रौढ पुरुषांचा दिवस बारा तासांवर बांधला. १९२२ मध्ये तो अकरावर आला, १९३४ मध्ये दहावर आणि आठवड्याला चोपन्नवर. १९४६ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत असताना आणलेल्या दुरुस्तीने आठवड्याचे चोपन्न तास अठ्ठेचाळीसवर आले. १९४८ च्या कारखाना कायद्याने तेच कायम केले आणि त्यापुढच्या प्रत्येक तासाला दुप्पट मजुरी लावली.

एवढा इतिहास सांगण्याचे कारण असे. माणसापर्यंत काम पोचवणारे नवे साधन आले की आधी कामाचे तास लांबतात. कायदा मागून येतो, आणि तो यायला वीस-पंचवीस वर्षे लागतात. विजेचा दिवा हे असे एक साधन होते. आपल्या खिशातला फोन हे दुसरे. भारतात मोबाइलवरचे पहिले बोलणे ३१ जुलै १९९५ रोजी झाले. व्हॉट्सअ‍ॅप २००९ चे, त्यातली निळी खूण नोव्हेंबर २०१४ ची, आणि सप्टेंबर २०१६ पासून डेटा इतका स्वस्त झाला की शिपायापासून संचालकापर्यंत सगळे एकाच ग्रुपमध्ये आले. म्हणजे आपल्या या दुखण्याचे वय जेमतेम दहा वर्षांचे आहे.

गिरणगावात वाढलेल्या एका ज्येष्ठ मित्राने मला एकदा सांगितले, 'लोक भोंग्याच्या नावाने बोटं मोडतात, पण तो दोनदा वाजायचा. दुसऱ्यांदा वाजला की मग आम्ही कुणाच्या बापाचे नव्हतो.' फोनला हा दुसरा भोंगा नाही.

मात्र सगळा दोष फोनला देणे मला पटत नाही. आपल्याकडे कामाची आणखी एक जुनी पद्धत आहे, ती सालगड्याची. माझ्या आजोळी सालगडी असे. त्याचे साल पाडव्याला ठरायचे : अमुक रक्कम, अमुक पायली धान्य, कपड्यांचा जोड. तासांचा उल्लेख कुठेच नसे. तो गोठ्यात झोपे, गाय व्यायली की त्याला उठवत, पाहुणा आला की त्याला स्टेशनावर धाडत. त्याच्या श्रमाचे तास विकत घेतलेले नव्हते, त्याचे अख्खे वर्ष घेतलेले होते. आपण टाय लावणारे, ओळखपत्र गळ्यात अडकवणारे पगारदार स्वतःला फार तर गिरणीकामगाराचे वारस समजतो. पण नेमणूकपत्र काढून वाचा. 'कंपनीच्या गरजेनुसार कामाच्या वेळा बदलू शकतील', 'आपण आपला संपूर्ण वेळ कंपनीच्या सेवेस वाहाल', अशी वाक्ये सापडतील. ही भाषा पाडव्याला ठरलेल्या सालाची आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी आठवड्याला सत्तर तासांची गोष्ट काढली, जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी नव्वदची. देशभर वाद झाला, विनोद झाले. त्या वादात मला एवढेच बरे वाटले की निदान तास मोजले जात होते. रात्रीचा व्हॉट्सअ‍ॅप निरोप कुठल्याच बेरजेत येत नाही.

कायद्यातही पंचाईत हीच आहे. कामाच्या तासांचे संरक्षण 'कामगारा'ला आहे. जो व्यवस्थापकीय काम करतो, किंवा देखरेखीचे काम करतो आणि ठरावीक रकमेपेक्षा जास्त पगार घेतो, तो जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगार नव्हता आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या श्रमसंहितांतही नाही. देखरेख करणाऱ्यासाठी ती रकमेची रेघ पूर्वी महिना दहा हजार होती, आता अठरा हजार आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यातही व्यवस्थापकीय पदांवरच्यांना तासांचे कलम लागू नाही. आता रात्री साडेदहाला निरोप कुणाला येतो? 'टीम लीडर', 'असिस्टंट मॅनेजर', 'शाखाप्रमुख' यांना. पदाच्या नावात मॅनेजर शब्द आला की पगार थोडा वाढतो आणि ओव्हरटाइमचा हक्क जातो. माझ्या स्वतःच्या बढतीचे पत्र आले तेव्हा मी पेढे वाटले होते, कायदा वाचला नव्हता. जे कामगार ठरतात त्यांच्यासाठीही हवा कोणत्या दिशेने वाहते आहे ते पाहा : सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर आणि दुकाने-कार्यालयांतली नऊवरून दहावर नेण्याला मंजुरी दिली. जादा तासांना दुप्पट मोबदला आहे हे खरे. पण घरी सोफ्यावर बसून पाठवलेला तक्ता जादा तासात धरायचा की नाही, याचे उत्तर त्यात नाही.

इतर देशांत हा प्रश्न आधी न्यायालयांत गेला. फ्रान्समध्ये एका रुग्णवाहिका चालकाला कामावरून काढले, कारण कामाच्या वेळेबाहेर त्याने स्वतःचा खासगी मोबाइल उचलला नव्हता. २००४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वेळेबाहेर खासगी फोनवर न सापडणे हा गुन्हा नव्हे. २०१८ मध्ये त्याच न्यायालयाने एका माजी व्यवस्थापकाला सुमारे साठ हजार युरो देववले. संकटप्रसंगी संपर्कासाठी त्याचा नंबर दिलेला होता, फोन सतत चालू ठेवणे त्याला भाग होते, आणि या 'तयार राहण्या'चा मोबदला कंपनीने दिला नव्हता. त्याच वर्षी युरोपीय न्यायालयासमोर बेल्जियममधल्या एका स्वयंसेवक अग्निशामकाचा खटला आला. बोलावणे आल्यापासून आठ मिनिटांत केंद्रावर पोचण्याचे बंधन त्याच्यावर होते. न्यायालय म्हणाले, हा माणूस घरी असला तरी तो वेळ कामाचाच. या निकालांचा गाभा एकच : तू वेळ काय करत होतास यापेक्षा तो वेळ तुझ्या मर्जीचा होता का, ते पाहायचे. वडिलांच्या पाळीच्या वहीमागे हेच तत्त्व होते, फक्त ते कुणी असे शब्दांत मांडले नव्हते.

मग कायदे झाले. फ्रान्सने २०१६ मध्ये कायदा करून १ जानेवारी २०१७ पासून पन्नास किंवा जास्त माणसांच्या कंपन्यांना संघटनांशी या विषयावर वाटाघाट करणे बंधनकारक केले. लोकांना वाटते तिथे संध्याकाळी सहानंतर ईमेल पाठवायला बंदी आहे. तसे काही नाही. कंपनीने बसून नियम ठरवायचे, एवढेच कायदा सांगतो. जर्मनीत तर कायद्याशिवाय काम झाले : फोक्सवॅगनमध्ये २०११ मध्ये कामगार प्रतिनिधींशी करार होऊन, कंपनीचा ब्लॅकबेरी असलेल्या हजारावर कर्मचाऱ्यांना पाळी संपल्यावर अर्ध्या तासाने ईमेल पोचणे बंद होई आणि पुढच्या पाळीआधी अर्धा तास पुन्हा सुरू होई. यंत्राचाच दुसरा भोंगा. वरिष्ठ व्यवस्थापकांना त्यातून वगळले होते, हे सांगायला हवे. पोर्तुगालने २०२१ मध्ये बाजूच उलटवली. नोकराला 'उत्तर न देण्याचा हक्क' देण्याऐवजी मालकावरच संपर्क न करण्याचे कर्तव्य टाकले, अपवाद फक्त अटळ आपत्तीचा. मला ही मांडणी जास्त प्रामाणिक वाटते. हक्क बजावायला धैर्य लागते, आणि पगारवाढीच्या महिन्यात ते कुणाकडे असते?

सर्वांत विचार करण्याजोगा कायदा ऑस्ट्रेलियाचा. २६ ऑगस्ट २०२४ पासून मोठ्या आणि मध्यम आस्थापनांत, आणि वर्षभराने छोट्यांतही, कर्मचाऱ्याला वेळेबाहेरचा संपर्क न पाहण्याचा, न वाचण्याचा आणि उत्तर न देण्याचा हक्क आहे, मात्र त्याचा नकार 'अवाजवी' नसेल तर. वाजवी काय आणि अवाजवी काय, हे ठरवायला कायद्याने विचारण्याचे प्रश्न दिले आहेत : संपर्क कशासाठी केला, कोणत्या मार्गाने केला आणि त्याने किती व्यत्यय आला, तयार राहण्याबद्दल किंवा जादा कामाबद्दल त्याला काही मोबदला मिळतो का, त्याचे पद आणि जबाबदारी काय, घरची परिस्थिती कशी आहे. हे प्रश्न मी आपल्याकडच्या प्रसंगांना लावून पाहिले. रुग्णालयातल्या परिचारिकेला रात्री फोन येतो, उद्या पहाटेच्या पाळीची सहकारी आजारी पडली, तुम्ही येऊ शकाल का? उत्तर 'नाही' असू शकते, पण फोन न उचलणे वाजवी म्हणता येईलच असे नाही. हिशेब खात्यातल्या कारकुनाला रविवारी दुपारी निरोप येतो, महिनाअखेरचा तक्ता नव्या नमुन्यात हवा. काम सोमवारीही होणार आहे, मोबदला नाही, त्याची आई आजारी आहे. इथे उत्तर न देणे पूर्णपणे वाजवी. हे प्रश्न विचारायला ऑस्ट्रेलियाचे नागरिक असण्याची गरज नाही.

आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत 'संपर्क तोडण्याच्या हक्का'चे खासगी विधेयक मांडले आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडले. २०१८ च्या मसुद्यात नियम मोडणाऱ्या कंपनीला कर्मचाऱ्यांच्या एकूण वेतनाच्या एक टक्का दंड होता. विधेयक चांगले आहे, पण भाबडे राहू नये : स्वातंत्र्यानंतर आजवर संसदेने अशी जेमतेम चौदा खासगी विधेयके संमत केली आहेत आणि त्यातले शेवटचे १९७० मध्ये.

कायदा आला तरी सगळ्यांना पुरणार नाही. हिंजवडीत बसलेल्या मुलीचा साहेब न्यू जर्सीत असतो. पुण्यात रात्रीचे दहा वाजतात तेव्हा उन्हाळ्यात तिथे दुपारचे साडेबारा. तो बिचारा आपल्या कामाच्या वेळेतच निरोप पाठवतो आहे. आणि ज्यांना ऑफिसच नाही त्यांचे काय? अंगणवाडी सेविका मुलांची वजने फोनवर भरतात, ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातल्या हजारो सेविकांनी निकृष्ट फोन आणि इंग्रजी अ‍ॅपला कंटाळून सरकारने दिलेले मोबाइल परत केले होते. माझी एक मेहुणी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. तिच्या ग्रुपवर संध्याकाळी सातला येते, 'खालील माहिती आजच सादर करावी. अत्यंत तातडीचे.' पुढच्या आठवड्यात तीच माहिती पुन्हा मागितली जाते. 'अत्यंत तातडीचे' हे आता नुसते विरामचिन्ह झाले आहे, असे ती म्हणते.

मानसशास्त्राचे दोन अभ्यास इथे सांगतो, कारण त्यांनी माझे मत बदलले. अमेरिकेत विल्यम बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवले की वेळेबाहेर ईमेलवर किती मिनिटे खर्च झाली यापेक्षा, आपण ईमेल पाहावे अशी कार्यालयाची अपेक्षा आहे, ही जाणीवच माणसाला अस्वस्थ करते, आणि घरातल्या जोडीदाराची तब्येतही त्यात सापडते. म्हणजे निरोप न आलेली रात्रही वाया जाते. दुसरा अभ्यास लॉरा जुर्गे आणि व्हॅनेसा बोन्स यांचा, २०२१ चा. घेणारा नेहमीच असे धरून चालतो की पाठवणाऱ्याला उत्तर लगेच हवे आहे. पाठवणाऱ्याला प्रत्यक्षात तेवढी घाई नसते. आणि पाठवणाऱ्याने 'हे तातडीचे नाही, तुमच्या सवडीने' एवढी ओळ घातली तरी हा गैरसमज कमी होतो.

हे वाचले आणि मला माझे जुने देणे आठवले.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी खातेप्रमुख होतो. साहेबांच्या रात्रीच्या निरोपांवर जेवणाच्या सुटीत मनसोक्त बोलणाऱ्यांत माझा आवाज मोठा होता. एक दिवस वाटले, तक्रार करायची तर पुराव्यानिशी करू. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुपमधल्या संभाषणाची लेखी प्रत काढता येते. मी एका महिन्याची काढली, वहीत रेघा मारल्या, सायंकाळी सात ते सकाळी आठ या वेळेतले सगळे निरोप उतरवले आणि प्रत्येकापुढे लिहिले : याला सकाळच्या आत उत्तर लागणार होते का? अख्ख्या महिन्यात असे दोन निरोप सापडले. एक, गोदामात पावसाचे पाणी शिरले होते. दुसरा, सकाळी सहाला निघणाऱ्या ट्रकच्या कागदात गाडीचा नंबर चुकला होता. बाकी सगळे दिवस उजाडेपर्यंत थांबले असते. मग पाठवणाऱ्यांच्या नावांचा रकाना केला. साहेबांचे नाव सर्वांत वर असेल अशी माझी खात्री होती. सर्वांत वर माझे नाव होते.

मी साहेबांचा निरोप वाचायचो, घाबरायचो आणि लगेच तो खाली ढकलायचो. वर स्वतःचे दोन प्रश्नही जोडायचो, विसरायला नको म्हणून. माझ्या हाताखाली एक तरुण होता, त्याचे 'ओके सर' बहुतेक वेळा मिनिटाच्या आत येई, आणि मी त्याला मनात हुशार म्हणून गुण देई. वही घेऊन मी त्याच्याशी बोललो. तो आधी 'नाही सर, काही त्रास नाही' असेच म्हणाला. फारच खोदल्यावर म्हणाला, 'सर, मुलगी आठ महिन्यांची आहे. ती माझ्या खांद्यावरच झोपते. फोन वाजला की उठते, म्हणून मी तो हातातच धरून बसतो. लगेच उत्तर दिलं की तुम्ही पुढचं पाठवत नाही.' तो मला गप्प करण्यासाठी उत्तर देत होता. मी त्याला कार्यतत्परता समजत होतो.

दुसऱ्या दिवशी मी खात्यापुरता एक नियम केला आणि फळ्यावर लिहिला : मेसेज म्हणजे उद्या, फोन म्हणजे आत्ता. सातनंतर कुणी मेसेज पाठवला तर तो सकाळी साडेनऊला वाचला जाईल असे धरायचे. खरोखर अडले असेल तर फोन करायचा, रात्री फोन कुणाला करायचा याची आठवड्याची पाळी लावली, आणि फोन आला की वहीत वेळ आणि कारण लिहायचे. ही वडिलांची वही होती, दुसरे काही नाही. मेसेज फुकट असतो, फोन करताना मात्र समोरच्याची झोपमोड आपल्या कानाने ऐकावी लागते. त्यामुळे पाठवणारा एकदा तरी विचार करतो. मला स्वतःला सवय मोडणे जड गेले. रात्री सुचलेले उशाशी कागदावर लिहू लागलो. ईमेल ठरावीक वेळी आपोआप जावा अशी सोय जीमेलने २०१९ मध्ये दिली, ती आमच्या वेळी असती तर काम सोपे झाले असते.

साहेबांना हे सांगायला मी घाबरत होतो. सांगितले तेव्हा ते म्हणाले, 'अहो, मी डोक्यातून निघून जाऊ नये म्हणून टाकतो. तुम्ही लगेच उत्तर देता म्हणून मला वाटलं तुम्ही जागेच असता.' म्हणजे इतकी वर्षे ते माझ्या उत्तरांमुळे पाठवत होते आणि मी त्यांच्या निरोपांमुळे उत्तर देत होतो. सगळे साहेब असे भेटत नाहीत, हे मला ठाऊक आहे. ज्याची नोकरी कंत्राटावर आहे त्याने माझे ऐकून उद्यापासून फोन बंद ठेवावा, असे मी म्हणणार नाही. त्याने निदान निरोप पुसू नयेत, तारीख-वेळेसकट जपून ठेवावेत. ओव्हरटाइमचा वाद उभा राहिला तर दुसरी कसली वही त्याच्याकडे नसते. आणि ज्याच्या हाताखाली दोन माणसे आहेत त्याने एका महिन्याची प्रत काढून नावांचा रकाना करून पाहावा.

पहिल्या चार महिन्यांत आमच्या वहीत रात्रीच्या फोनच्या तीन नोंदी झाल्या. दोन ट्रकच्या कागदांच्या, एक बँकेच्या गोंधळाची. नियम आठ महिने चालला. मग कंपनीत नवे संचालक आले, नवा ग्रुप निघाला, आणि पहिल्याच रात्री पावणेअकराला त्यावर निरोप आला : 'सर्वांनी उपस्थिती कळवावी.' मी फोन हातात घेऊन बसलो होतो. एकेक 'ओके सर' येत गेले. त्या तरुणाचे आले नाही. त्याचे आले सकाळी नऊ वाजून एकतीस मिनिटांनी.